सावकाश हालचालींचा हिशेब

१९६९ साली 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध छापून आला. विषय होता उच्च रक्तदाब आणि शवासन. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे डॉ. विनेकर हेही त्या निबंधाचे एक लेखक होते. ४७ रुग्णांना शवासन शिकवलं गेलं. पाठीवर उताणं झोपायचं, श्वास पोटातून आणि संथ घ्यायचा, सोडल्यावर क्षणभर थांबायचं आणि सगळं लक्ष नाकपुड्यांशी ठेवायचं. आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी कोमट. रोज अर्धा तास एवढंच करायचं. औषध न घेणाऱ्या १० जणांचा सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला.

या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे आकडा सुखावणारा असला तरी तो कशामुळे खाली आला, हे त्यावरून ठरवता येत नव्हतं. नुसत्या पडून राहण्यामुळे? लांबलेल्या श्वासामुळे? लक्ष एका जागी ठेवल्यामुळे? की डॉक्टरांनी एवढा वेळ दिला म्हणून? १९७५ साली इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी ही उणीव भरून काढली. त्यांनी ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला योगातली शिथिलीकरणाची पद्धत आणि शरीरातले बदल दाखवणारं यंत्र दिलं, दुसऱ्याला फक्त विश्रांती घ्यायला सांगितली. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला, दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर. म्हणजे नुसत्या विश्रांतीनेही फरक पडतो, पण शिकवलेल्या विश्रांतीने बराच जास्त पडतो.

गेल्या पन्नास वर्षांत या मुळावर मोठा वृक्ष वाढला आहे. योगासनं, ताई ची, छीगाँग, फेल्डेनक्राइस, अलेक्झांडर तंत्र, बॉडी स्कॅन, आणि आता 'सोमॅटिक' हे विशेषण लावून विकले जाणारे असंख्य ऑनलाइन वर्ग. प्रत्येकाची परिभाषा वेगळी, पोशाख वेगळा, फी तर फारच वेगळी. वचनं मात्र सगळीकडे दोनच आहेत. एक, मनावरचा ताण उतरेल. दोन, शरीराची जाण वाढेल. ही दोन वचनं सहसा एका दमात दिली जातात. ती वेगवेगळी तपासली तर चित्र जास्त स्पष्ट होतं.

तीन उगम

आपल्याकडे योगाचा वैद्यकाशी संबंध जोडण्याचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात सुरू झालं आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रात झाला. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली. त्यांचे गुरुबंधू जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. कुवलयानंद माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. व्यायाम त्यांच्या अंगात मुरलेला होता आणि प्रश्न विचारायची खोडही होती. नौली ही पोटाची क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं नाव दिलं : 'माधवदास व्हॅक्यूम'. श्रद्धेची गोष्ट मोजपट्टीखाली आणायला ते कचरले नाहीत. शवासनाच्या त्या निबंधात कैवल्यधामचं नाव येतं, ते याच वृत्तीमुळे.

याच उगमाचा दुसरा धागा पुण्याचा. १९३७ मध्ये योगगुरू कृष्णमाचार्यांनी आपला तरुण मेहुणा आणि शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांना पुण्याला पाठवलं आणि ते पुण्याचेच झाले. अय्यंगारांच्या पद्धतीत दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, खुर्च्या असं सगळं सामान आलं. पण तिचा खरा विशेष सूचनांच्या बारकाव्यात आहे. ताडासन म्हणजे बघणाऱ्याला नुसतं उभं राहणं. वर्गात मात्र त्यावर दहा मिनिटं सहज जातात. टाचेच्या आतल्या कडेवर वजन जास्त आहे की बाहेरच्या? चवड्यावर किती? गुडघ्याची वाटी वर ओढली गेली का? ती ओढताना जबडा का आवळला? वर्षानुवर्षं चपलेची एकच बाजू झिजत होती, त्याचं कारण अनेकांना अशा वर्गात उमगतं.

दुसरा उगम चीनमधला. ताई ची मुळात युद्धकला. हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावाशी तिची परंपरा जोडली जाते. १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा यंत्रणेने तिचा २४ हालचालींचा सोपा संच तयार केला आणि ती बागाबागांत पोहोचली. तिच्यात शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर इतकं सावकाश नेतात, की कुठला पाय 'भरला' आणि कुठला 'रिकामा' झाला हे प्रत्येक क्षणी कळावं लागतं. आपण रोज हजारो पावलं टाकतो तेव्हा हे कधीच कळत नाही.

तिसरा उगम पश्चिमेकडचा, आणि तिथे गुरुपरंपरेपेक्षा माणसांच्या खासगी अडचणीच जास्त दिसतात. टास्मानियात जन्मलेले एफ. एम. अलेक्झांडर रंगमंचावर पठण करत. त्यांचा आवाज बसायला लागला. डॉक्टरांना घशात काही सापडेना. मग ते आरशांसमोर उभे राहून स्वतःला न्याहाळू लागले. बोलायला तोंड उघडलं की आपलं डोकं मागे खेचलं जातं आणि स्वरयंत्र दाबलं जातं, हे त्यांना दिसलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. डोकं पुढे नेतोय असं त्यांना वाटत होतं तेव्हाही आरशात ते मागेच जात होतं. शरीराबद्दल 'मला वाटतं' आणि 'खरोखर आहे' यांतलं हे अंतर त्यांच्या सगळ्या पद्धतीच्या मुळाशी आहे. पदार्थविज्ञान शिकलेले, ज्युदोत निष्णात असलेले मोशे फेल्डेनक्राइस दुखावलेल्या गुडघ्यापासून निघून त्याच प्रश्नाशी पोहोचले. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची पद्धत पुस्तकरूपात मांडली. आणि १९७९ मध्ये जॉन काबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात ध्यान, हलकी योगासनं आणि बॉडी स्कॅन एकत्र आले. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवण्याचा हा प्रकार इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेला बसून आलेल्यांना ओळखीचा वाटेल.

नावं वेगळी, जिन्नस तेच

नावं बाजूला ठेवली तर या सगळ्या पद्धतींत चार गोष्टी पुन्हा पुन्हा भेटतात : संथ गती, कमी जोर, लांबवलेला उच्छ्वास आणि एका नेमक्या संवेदनेवर ठेवलेलं लक्ष. प्रत्येकाला कारण आहे.

जोर कमी का? आपल्या जाणिवेला फरक कळतो तो आधीच्या ओझ्याच्या प्रमाणात. शंभर किलोची गोणी पाठीवर घेतलेल्या हमालाच्या ओझ्यावर पावशेर साखरेची पुडी ठेवली तर त्याला पत्ता लागणार नाही, रिकाम्या पिशवीत तीच पुडी टाकली तर लगेच कळेल. फेल्डेनक्राइस यांनी हाच नियम हाताशी धरला. त्यांच्या एका प्रसिद्ध पाठात पाठीवर झोपून, गुडघे मुडपून, ओटीपोटाखाली घड्याळाची तबकडी आहे अशी कल्पना करायची आणि कंबर बाराकडून सहाकडे, मग एकेका आकड्यावरून गोल फिरवायची. हालचाल बोटभरही नसते. पण तीन आणि चारच्या मध्ये कंबर अडखळते, तिथे श्वासही अडतो, हे याच बारीकपणामुळे कळतं. जोर लावून केलं असतं तर अडखळणं त्या जोरातच बुडून गेलं असतं.

जेकबसन यांची युक्ती आणखी साधी. हात टेबलावर ठेवून फक्त पंजा मनगटातून वर उचला. कोपराच्या खालच्या स्नायूंत एक पुसट ओढ जाणवते. मनगटातली वाकलेपणाची जाणीव वेगळी आणि ही ओढ वेगळी. ती ओळखा आणि मग पंजा सोडून द्या. ताण कुठे आहे हे ओळखता येत नसेल तर तो सोडता येणार नाही, हे त्यांचं साधं तर्कशास्त्र होतं. नुसतं 'रिलॅक्स व्हा' म्हटल्याने कुणी सैल होत नाही, याचा अनुभव दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने घेतला आहे.

श्वासाचं कारण हृदयाशी आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबवला की शांत करणाऱ्या चेतासंस्थेला जास्त वाव मिळतो. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक गमतीदार निरीक्षण मांडलं. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्हींत श्वासाचा वेग मिनिटाला जवळजवळ सहावर स्थिरावला. रक्तदाबाच्या नैसर्गिक चढउतारांची लयही मिनिटाला साधारण सहाच असते, आणि दोन्ही लयी जुळल्या की रक्तदाबाचं नियमन जास्त सुरळीत चालतं. जप, माळ, अभंगाची संथ चाल यांनी जीव शांत होतो, यामागे श्रद्धेबरोबर श्वासाचं हे गणितही असणार.

याच चार जिनसांमुळे एक घोळही निस्तरतो. तोच सूर्यनमस्कार घाम निघेपर्यंत भराभर घातला तर तो उत्तम व्यायाम आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा प्रसार बलसंवर्धनासाठीच केला. तोच नमस्कार श्वासाला बांधून, प्रत्येक स्थितीत थांबून घातला की काम वेगळं होतं. सजग हालचाल ठरते ती करण्याच्या रीतीने. त्यामुळे 'योग चांगला की ताई ची?' या प्रश्नात फारसा दम नाही.

पहिलं वचन : ताण

आता पुरावा. चिंतारोगाने त्रस्त २७६ जणांवरचा एक अमेरिकन अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना काबात-झिन यांचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम, अर्ध्यांना एस्सिटालोप्राम हे प्रचलित औषध. अभ्यासक्रम औषधापेक्षा कमी पडला नाही. जुनाट पाठदुखीत, जिचं ताणाशी सख्य जगजाहीर आहे, अलेक्झांडर तंत्राच्या २४ शिकवण्या घेतलेल्यांत वर्षअखेरीस महिन्यातले दुखण्याचे दिवस ३ होते आणि नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांत २१, असं ५७९ रुग्णांवरच्या २००८ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. सहा शिकवण्या आणि जोडीला नियमित व्यायाम, एवढ्यानेही त्यातला बराचसा फायदा मिळाला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या, बहुतांशी अल्प उत्पन्न गटातल्या ३२० जणांच्या पाठदुखीवर योगवर्ग फिजिओथेरपीच्या तोडीचे ठरले.

इथवर सगळं गोड आहे. पण तुलना साध्या व्यायामाशी केली की गोडी थोडी उतरते. २०११ मध्ये पाठदुखीच्या २२८ रुग्णांत योग, नुसतं स्ट्रेचिंग आणि माहितीपुस्तक अशी तिहेरी तुलना झाली. योग पुस्तकापेक्षा सरस ठरला, स्ट्रेचिंगपेक्षा नाही. म्हणजे फायद्याचा बराच भाग हलण्याचाच आहे. याउलट २०१८ मध्ये फायब्रोमायल्जिया या अंगभर दुखण्याच्या विकारावर ताई चीची तुलना एरोबिक व्यायामाशी केली, तेव्हा आठवड्यातून तेवढेच वर्ग आणि तेवढेच आठवडे देऊन ताई ची पुढे गेली. त्या अभ्यासातला एक आकडा मला निकालाइतकाच बोलका वाटतो. ताई चीच्या वर्गांना हजेरी ६२ टक्के होती, एरोबिकच्या वर्गांना ४० टक्के. दुखऱ्या, थकलेल्या माणसाला जे करवतं आणि करावंसं वाटतं, तेच तो करत राहतो. सजग हालचालींची मोठी कमाई कदाचित याच चिवटपणात आहे.

या सगळ्या चाचण्यांवर एक आक्षेप कायम राहतो. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटं ताडासन देता येत नाही. आपण काय करतोय हे प्रत्येकाला ठाऊक असतं. शिक्षकाचा जिव्हाळा, गटाची सोबत, घरापासून तासभर सुटका, हे सगळं फायद्यात मिसळलेलं असतं. घरात दिवसभर कुणी ना कुणी हाक मारत असलेल्या बाईच्या बाबतीत तर तो हक्काचा तासच अर्धं औषध असू शकतो. त्यात कमीपणा काही नाही, पण सगळं श्रेय आसनाला देऊ नये.

दुसरं वचन : शरीराची जाण

इथे निकाल अनपेक्षित आहेत. शरीराच्या आतल्या संवेदना किती अचूक कळतात, हे पाहण्याची एक रूढ कसोटी म्हणजे नाडीला हात न लावता हृदयाचे ठोके ओळखणं. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्यांना ही कसोटी सोपी जायला हवी होती. २००८ मध्ये खालसा आणि सहकाऱ्यांनी अनुभवी साधकांना तपासलं तेव्हा ते इतरांपेक्षा सरस निघाले नाहीत. आपल्याला जमतंय असं मात्र त्यांना जास्त वाटत होतं. अलेक्झांडर यांच्या आरशाने जे दाखवलं होतं, तेच प्रयोगशाळेने दाखवलं : जाण आहे असं वाटणं आणि जाण असणं या दोन गोष्टी आहेत. दहा वर्षांनी झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात व्यावसायिक नर्तक मात्र याच प्रकारच्या कसोटीत सामान्यांपेक्षा चांगले ठरले.

मग शरीराची जाण वाढते हे वचन पोकळ म्हणायचं का? २०१० चा बर्कलीतला एक अभ्यास वेगळी दिशा दाखवतो. त्यात विपश्यना करणारे, नर्तक आणि यांपैकी काहीच न करणारे अशा तीन गटांना भावना चाळवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. पाहता पाहता त्यांनी आपल्या भावनेची तीव्रता नोंदवायची आणि त्याच वेळी यंत्रं त्यांचं हृदय मोजणार. आतली उलथापालथ आणि 'मला आता असं वाटतंय' ही नोंद यांचा मेळ विपश्यना करणाऱ्यांत सर्वाधिक होता, नर्तकांत त्याखालोखाल, उरलेल्यांत सर्वांत कमी.

मला वाटतं, या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. या साधनांनी आपण स्वतःचा स्टेथोस्कोप होत नाही. होतं एवढंच, की शरीर पेटलं आणि आपल्याला ते कळलं, यांतलं अंतर घटतं. खांदे कानाला लागलेत, जबडा आवळलाय, श्वास गळ्यापाशी अडकलाय, हे संध्याकाळी डोकं ठणकायला लागल्यावर कळण्याऐवजी दुपारच्या मीटिंगमध्येच कळतं. आणि वेळेत कळलं तर काही करता येतं : श्वास लांबवता येतो, उठून पाणी पिता येतं, नको ते बोलून जाणं टाळता येतं. ताण कमी होण्याचं पहिलं वचन बऱ्याच अंशी या दुसऱ्याच्या बळावर पाळलं जात असावं.

कुणाला काय, आणि कुठे जपून

लक्षाचंही एक दुधारीपण आहे. पॅनिकचे झटके येणाऱ्या माणसाचं लक्ष शरीराकडेच असतं, फक्त ते पहारेकऱ्याचं असतं. ठोका चुकला की त्याला हार्ट अटॅक दिसतो. अशा व्यक्तीला डोळे मिटवून, पाठीवर झोपवून श्वासाकडे पाहायला लावलं तर घबराट वाढू शकते. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांच्या बाबतीतही तेच. त्यांच्यासाठी डोळे उघडे ठेवून, उभ्याने केलेली, तळपायांच्या स्पर्शावर लक्ष ठेवणारी हालचाल जास्त सुरक्षित. शिक्षकाने हात लावण्याआधी विचारणं, आणि नको म्हणायची मोकळीक असणं, ही तर मूलभूत अट. जाणत्या शिक्षकाची तीच पहिली खूण समजावी.

शारीरिक धोकेही आहेत. शीर्षासनात डोळ्यांतला दाब मोठ्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे काचबिंदू असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. हाडं ठिसूळ झालेल्यांनी जोराने पुढे वाकणं टाळावं. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर कपालभातीसारख्या जोरकस क्रिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. टीव्हीवरच्या शिबिरात हजारो लोकांना एकच मात्रा सांगितली जाते, तिथे हे भेद गळून पडतात. आणि चालू औषध, मग ते रक्तदाबाचं असो की नैराश्याचं, बरं वाटतंय म्हणून मनानेच बंद करणं हा यातला सर्वांत महागात पडणारा धोका.

निवड करताना पंथापेक्षा गरज पाहावी. वय झालेलं आहे आणि पडण्याची भीती वाटते, तर ताई चीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. २०१२ मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर आठवड्यातून दोन तास, २४ आठवडे केलेल्या ताई चीने तोल सुधारला आणि स्ट्रेचिंगच्या तुलनेत पडण्याचं प्रमाण घटलं. शिक्षक मिळत नसेल तर भिंतीला हात लावून वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर नेण्यापासून सुरुवात करता येते. दिवसभर खुर्चीत बसून मान-पाठ धरलेल्यांनी अय्यंगार किंवा अलेक्झांडर पद्धतीचा विचार करावा. झोप येत नसेल तर जेकबसन यांची रीत अंथरुणातच करता येते. डोक्यात विचारांचं चक्र थांबत नसेल तर निश्चल ध्यानापेक्षा हालचाल सोपी जाते, कारण लक्षाला धरायला काहीतरी ठोस असतं. आणि ज्यांना हे सगळं संथ, कंटाळवाणं वाटतं त्यांनी खुशाल भरभर चालावं, पोहावं. ताणावर त्याचाही उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र कुठलंच आसन करत नाही. ते ताणाचं कारण काढत नाही. रात्री अकरापर्यंत टार्गेटचे मेसेज पाठवणारी कंपनी शुक्रवारी संध्याकाळी चटया अंथरून योगसत्र घेते, तेव्हा कर्मचाऱ्याला मिळतो तो दिलासा खरा असला तरी प्रश्न होता तिथेच राहतो. सजग हालचालीचा प्रामाणिक उपयोग तिथेही आहे, पण तो वेगळा. हे काम, हे वेळापत्रक, ही वागणूक आपल्या शरीराला झेपत नाहीये, हे ती लवकर आणि स्पष्ट सांगते. ते ऐकून साहेबांकडे रजा मागायची, कामाची वाटणी बदलून घ्यायची की नोकरीच बदलायची, हा निर्णय चटईवर होत नाही. तो आपला आपल्यालाच घ्यावा लागतो.